उष्टं ऊन

पूर्वी मी याच रस्त्यांवर पाव पोचवायचो.
आता गाडीत पाव नाहीत, छपराला भोक आहे,
भोकाखाली आरसा,
आणि आरशाला एकच काम:
सूर्यावरची नजर काढायची नाही.
गाडी वळते, खड्ड्यात जाते, कुत्र्यासाठी थांबते,
आरसा मान फिरवत राहतो
डोळ्यांत तेल घालून.

"तीसच्या वर नको," तुउलिकी म्हणते.
आमच्या एस्टोनियन भाषेत तिच्या नावातच वारा आहे
आणि वाऱ्याशीच तिचं रोजचं भांडण.
आधी कारखान्याच्या वरच्या अंगाने एक फेरी,
वारा अजून कोरा असताना.
मग खालच्या अंगाने,
टाक्या, चिमण्या, नळ्यांचा गुंता ओलांडून आलेल्या वाऱ्यातून.
दुसऱ्यातून पहिला वजा.
म्हणजे दुकानदारीच, मी म्हणतो.
ती हसत नाही. तिचं लक्ष पडद्यावरच्या रेषेत,
जिला मधूनच दात पडल्यासारख्या खाचा.

थर्मासमधली कॉफी ओतत तिने एकदाच समजावलं.
मला कळलं ते असं:
ऊन निघतं तेव्हा सगळ्यांसाठी निघतं.
वाटेत हवेची पंगत बसलेली असते, मांडीला मांडी लावून,
आणि प्रत्येक वायू आपल्या वाटणीचा रंग तेवढाच उचलतो,
शेजारच्या पानाला हात लावत नाही.
आपल्यापर्यंत पोचतं ते उष्टं ऊन.
काय उरलं ते बघायचं
आणि कोण जेवून गेलं ते सांगायचं.
किलोच्या हिशेबात, दर तासाला.

ऑक्टोबरात इथला सूर्य
राखेच्या डोंगराच्या खांद्याएवढाच वर येतो,
तोही ढगांच्या मर्जीने.
दोन दिवस आम्ही पेट्रोलपंपावर शब्दकोडी सोडवली.
तिसऱ्या दिवशी अकराला उघडलं.

तिसऱ्या फेरीत, कुंपण संपतं तिथे,
बादलीभर सफरचंदं घेऊन कपितोलिना रस्त्यातच उभी.
"पावाची गाडी पुन्हा सुरू झाली?"
नाही, म्हटलं, धूर मोजतोय.
"कुठाय धूर?"
आभाळ धुतल्यासारखं निळं.
"दिसत नाही तोच मोजतोय," तुउलिकी म्हणाली.

म्हातारीने बादली खाली ठेवली.
नवरा एकतीस वर्षं आत होता, तेलाच्या भट्टीवर.
"तो गेला, त्याच्याही आधी माझं नाक गेलं.
शर्ट धुवायचे, काही कळायचं नाही.
तुमच्या त्या आरशाला विचारा ना,
वास कसा आहे?"

कशालाच न अडणारी तुउलिकी तिथे अडली.
किती, ते तिला सांगता येतं,
चूक-भूल तीस टक्के धरून.
कुठून, तेही, वारा नीट वागला तर.
कसा, याला रकाना नाही.

मग मीच बोललो.
डांबर, म्हटलं. ओली काडेपेटी.
आणि त्याच्या खाली कुठेतरी
फार पिकलेल्या नासपतीसारखं गोडसर.
तिने डोळे मिटले. बराच वेळ.
"हो," म्हणाली. "हाच.
तुझ्या पावालाही यायचा."

नऊ वर्षं मी या गल्लीत पाव टाकला.
नऊ वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

मग ढग आला.
आरसा इकडेतिकडे शोधत राहिला,
आंधळ्याने चष्मा चाचपावा तसा,
आणि तुउलिकीने ती फेरी खोडून टाकली.
अर्धी फेरी धरत नाहीत.
सफरचंदं मागच्या सीटवर घरंगळत होती.
परतीला मोजायचं काहीच नव्हतं,
तरी मी तीसच्या वर गेलो नाही.